ब्रॅकनचं कोपर आणि नोलीनची शिट्टी

नोलीन स्ट्रॅहनला बसता येत नव्हतं. म्हणजे घरात खुर्च्या होत्या, गुडघेही अजून वाकत होते, पण त्रेसष्ट वर्षांत एका जागी दहा मिनिटं बसायची सवय तिला कुणी लावलीच नव्हती. चहा ती ओट्याशी उभ्यानं प्यायची. पत्र आलं तर फाटकापासून घरापर्यंत येता येता वाचून संपवायची. ब्लॅक स्परच्या डोंगरावर चाळीस वर्षं मेंढ्यांमागे फिरलेली बाई ती. आणि आता ऐन जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, बाहेर ढीगभर कामं पडलेली असताना, ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, लोखंडी पिंजऱ्याला पाठ टेकून. पिंजऱ्यात तिचा कुत्रा ब्रॅकन होता आणि ती उठली की तोही उठायचा.

ब्रॅकन अकरा महिन्यांचा, काळा, तांबूस पायांचा, अंगानं दांडगा. आमच्याकडे मेंढ्यांच्या कामाला दोन तऱ्हेची कुत्री असतात. एक मुकी, नुसत्या नजरेनं मेंढी रोखणारी. तशी नोलीनकडे दोन होती, टिप आणि फ्लो. दुसरी हंटअवे, ब्रॅकनसारखी. ती मागं राहून भुंकतात आणि अख्खा कळप डोंगराखाली ढकलतात. हंटअवेची सगळी किंमत त्याच्या गळ्यात. ब्रॅकन सहा महिन्यांचा असताना ओढ्याच्या अलीकडून भुंकला तरी पलीकडच्या मेंढ्या चरायचं सोडून माना वर करायच्या. नोलीन तेव्हा कुणाला काही बोलली नव्हती, पण त्या दिवशी तिनं टिपला विनाकारण दोनदा थोपटलं होतं.

ऑक्टोबरात तो लंगडायला लागला. पुढचा डावा पाय. सकाळी उठल्यावर जास्त, चालला की कमी, आणि पळून आला की पुन्हा जास्त. वाढीचं दुखणं असेल म्हणून तिनं आठ दिवस सोडून दिलं. मग एका सकाळी त्याची ती चाल पाहताना तिला टार आठवला आणि हातातली बादली तिनं खाली ठेवली.

टार वीस वर्षांपूर्वीचा. तोही असाच लंगडायचा, चढ आला की बसकण मारायचा. कामचुकार आहे म्हणून नोलीननं त्याला छपरामागे नेऊन गोळी घातली होती. तशी रीतच होती. काम न करणारा कुत्रा कुणी ठेवत नसे, आणि स्वतःच्या कुत्र्याला दुसऱ्याकडून गोळी घालून घेणं हे त्याहून वाईट समजलं जायचं. त्या दुपारी ती नेहमीसारखी जेवली होती.

ओमारामा गावच्या जनावरांच्या डॉक्टर मरामा यांनी एक्स-रे उजेडावर धरला. वयानं नोलीनच्या निम्म्या, पण बोलायला सडेतोड.

"कोपराचा सांधा नीट जुळून वाढलेला नाही," त्या म्हणाल्या. "आत हाडाचा तुकडा सुटलाय. पाय टेकला की टोचतो. उपजतच आहे हे. तुकडा ऑपरेशननं काढावा लागेल, ख्राइस्टचर्चला."

"आळशी कुत्रं पण असंच चालतं का?"

"आळशी?" मरामा हसल्या. "अहो नोलीन, हा एवढं दुखत असताना पळतोय. तुम्ही पळाला असता का?"

नोलीन खिडकीतून समोरच्या पेट्रोल पंपाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "करून टाका ऑपरेशन."

इथपर्यंत ठीक होतं. घोटाळा केला तो तिच्या तोंडानं. डिसेंबरात लोकर कातरायच्या छपरात चहाची सुट्टी झाली, चीज रोलचा ट्रे फिरत होता, आणि डूगलला ही बातमी कुणीतरी सांगितली. डूगल ब्लॅक स्परचा मुख्य मेंढपाळ, नोलीनपेक्षा वीस वर्षांनी लहान. तिनंच त्याला हा डोंगर दाखवला होता.

"कुत्र्याच्या कोपराचं ऑपरेशन?" तो ओरडला. "अगं नोल, माझी आई ढोपराच्या ऑपरेशनसाठी तीन वर्षं रांगेत उभी आहे! तिच्या गळ्यात पट्टा बांधून पाठवू का ख्राइस्टचर्चला?"

सगळं छप्पर हसलं. "पुढं काय, उशाशी घेऊन झोपणार त्याला?" कातरणाऱ्यांपैकी एकानं विचारलं. नोलीनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिला चेष्टा सोसायची, पण मऊ समजलेलं सोसायचं नाही.

"एप्रिलच्या उतरवणीत कामाला उभा राहिला नाही तर मीच गोळी घालीन त्याला," ती म्हणाली. "मी फुकटे पोसत नाही."

"ऐकलंत रे सगळ्यांनी?" डूगल म्हणाला.

सगळ्यांनी ऐकलं होतं. छपरात बोललेला शब्द आमच्याकडे कुणी लिहून ठेवत नाही, पण लोकांना स्वतःच्या लग्नाची तारीख आठवणार नाही इतका तो पक्का आठवतो. एप्रिलमध्ये बर्फ पडायच्या आत वरच्या मेंढ्या खाली आणायच्या असतात. त्या दिवशी सगळे तिथं असणार होते.

ऑपरेशन जानेवारीत झालं. ब्रॅकन आत होता तितका वेळ नोलीन दवाखान्याच्या गाड्यांच्या तळाला फेऱ्या मारत होती. शेवटी तिथला रखवालदार येऊन विचारून गेला की बाई, गाडी सापडत नाही का. सर्जननं सूचना दिल्या. आठ आठवडे पिंजरा. पट्ट्यावर धरून पाच मिनिटं फिरवायचं, मग हळूहळू वाढवायचं. उडी नाही, पायरी नाही, गुळगुळीत जमीन नाही.

घरात कुत्रा आला तो असा, नोलीनच्या आयुष्यात पहिल्यांदा. तिनं गुळगुळीत जमिनीवर लोकरीची रिकामी पोती अंथरली. मटणाच्या चरबीत गोळ्या लपवल्या. गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी कोपराला लावून धरली, आणि दिवसातून तीनदा त्याचा पाय हलकेच वाकवला, सोडला, वाकवला, सोडला. ब्रॅकन पिंजऱ्यात गोल फिरायचा, पोती चावायचा, दाराच्या फटीला नाक लावून कुंईकुंई करायचा. बाहेर मेंढी ओरडली की त्याचं अंग थरथरायचं. नोलीनचंही काही वेगळं नव्हतं. जमिनीवर बसून तिनं घरातले सगळे चमचे घासले, जुने लगाम शिवले, एक स्वेटर उसवला.

डॉक्टरांनी सांगितलेल्या नियमांत तिनं एक स्वतःचा घातला, भुंकायचं नाही. कारण ब्रॅकन भुंकायचा तो पुढचे दोन्ही पाय उचलून, आणि प्रत्येक भुंकण्याबरोबर धप्पकन त्याच पायांवर पडायचा. तो भुंकायचा कुठलीही शिट्टी ऐकली की. म्हणून नोलीननं शिट्टी सोडली. दोन बोटं तोंडात घालून मारायची ती शिट्टी, टिपला एक, फ्लोला दुसरी, भुंकायला तिसरी, तिन्ही तिच्या बापाकडून आलेल्या. आता ती कुत्र्यांच्या खोपटांपर्यंत चालत जायची आणि हातवारे करायची. टिप तिच्याकडे अशा नजरेनं बघायचा की बाईचं काहीतरी बिनसलंय. नोलीनलाही तसंच वाटत होतं. दिवसभर बोटं नुसती पँटवर वाजत राहायची.

पाचव्या आठवड्यात व्हायचं ते झालं. ती कोंबड्यांना दाणे टाकायला दोन मिनिटं बाहेर आली होती आणि पिंजऱ्याची कडी नुसती अडकवली होती. तेवढ्यात शेजारच्यांचा मेंढा तारेतून घुसला आणि टिप त्याच्यामागे सरळ रस्त्याकडे सुटला. रस्त्यावर दुधाचा टँकर येत होता. नोलीनची बोटं आपोआप तोंडात गेली.

टिप जागच्या जागी थांबला. घरात मात्र पिंजऱ्याचं दार आपटलं, एक दणदणीत भुंकणं ऐकू आलं, मग घसरल्याचा आवाज आणि किंचाळी. नोलीन धावली. ब्रॅकन पोत्यांच्या बाहेर तीन पायांवर उभा होता, शेपूट हलवत, दाराकडे तोंड करून पुन्हा उडी घ्यायच्या बेतात.

"गप्प!" ती ओरडली. "गप्प बस! गप्प!" हातातली बादली तिनं जमिनीवर आपटली. तिच्या आवाजात सगळी भीती होती, पण कुत्र्याला ते कसं कळणार? त्याला फक्त ओरडणं कळलं. तो पोट टेकून सरपटत पिंजऱ्यात गेला आणि कोपऱ्यात तोंड घालून पडला.

मरामांनी पुन्हा एक्स-रे काढला. मोडलं काही नव्हतं, नुसती सूज. नोलीन गाडीत येऊन स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली, मग इकडेतिकडे बघून डोळे पुसले. त्या दिवसापासून ब्रॅकन एकदाही भुंकला नाही. तिला वाटलं, किती शहाणा झाला.

मार्चअखेर मरामांनी त्याला पळवून पाहिलं. "पाय छान झालाय. म्हातारपणी सांधे धरणार, ते आत्ताच सांगून ठेवते. पण खालच्या अंगाला, अर्धा दिवस हलकं काम? चालेल."

नोलीननं टेबलावर अशी थाप मारली की सुयांचा डबा उडाला. घरी येऊन तिनं दहा म्हाताऱ्या मेंढ्या लहान कुंपणात घेतल्या, ब्रॅकनला मोकळं सोडलं आणि भुंकायची शिट्टी मारली.

ब्रॅकन पोटावर पडला. कान मागे.

तिनं पुन्हा मारली. तो आणखी चपटा झाला. मग ती गोड बोलली, रागावली, मटण दाखवलं, फ्लोला पुढं करून पाहिलं. पंधरा दिवस हेच. पाय ठणठणीत, गळा गेलेला. न भुंकणारा हंटअवे उतरवणीत काय कामाचा? शेवटी तिनं मरामांना फोन केला.

"पण भुंकू देऊ नका असं मी कुठं म्हटलं होतं?" मरामा गोंधळल्या.

"तुम्ही नाही म्हटलं."

"मग कोणी?"

"मी," नोलीन म्हणाली आणि फोन ठेवला. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. टारच्या वेळी गेलं होतं.

उतरवणीच्या सकाळी गवतावर दहिवर पडलं होतं. सगळ्यांच्या खांद्यावर वॉकीटॉकी. डूगलनं प्रत्येकाला वाटा नेमून दिल्या आणि नोलीनला सगळ्यात खालची जागा दिली, घळीच्या तोंडाशी.

"आवाज आहे ना त्याला?" त्यानं ब्रॅकनकडे बघत विचारलं.

"आहे," नोलीन म्हणाली. तिच्या गाडीत सीटमागे बंदूक होती. ती सगळ्यांच्याच गाडीत असते, पण त्या दिवशी डूगलनं तिकडे पाहिलं आणि तिनं त्याला पाहताना पाहिलं.

दहाच्या सुमारास मेंढ्या घळीत उतरल्या. चारशेच्या वर. तोंडाशी आल्या आणि थांबल्या. पुढची एक मान वळवून वर बघायला लागली. टिप आणि फ्लो दोन्ही बाजू धरून होते, नोलीन ब्रॅकनला घेऊन कडेकडेनं कळपाच्या मागं गेली होती, आणि आता तिथून आवाज हवा होता. एक मेंढी परत फिरली की सगळा कळप शिखरावर जातो आणि दिवस फुकट. नोलीननं शिट्टी मारली. ब्रॅकन तिच्या पायाशी पोटावर पडला आणि वर तिच्याकडे बघत राहिला.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा हट्ट करत नव्हता. हा तिचंच ऐकत होता. तिनं शिट्टीनंतर जे शेवटचं सांगितलं होतं, तेच तो इमानानं करत होता.

तिनं टोपी काढून खाली टाकली. आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा, मग दोन्ही हात ओल्या गवतात. पिल्लाला पहिल्यांदा भुंकायला शिकवताना तिचा बाप असं करायचा, पण घरामागे, कुणी नसताना. चार पायांवर, उघड्या डोंगरात, नोलीन स्ट्रॅहन भुंकली.

पुढच्या मेंढीनं कान टवकारले. नोलीन पुन्हा भुंकली, पोटातून, घसा फाटेपर्यंत. मेंढ्या दोन पावलं खाली सरकल्या. वॉकीटॉकी खरखरला.

"नोल, आवाज झकास आहे गं त्याचा!" डूगल वरून बोलत होता. "जरा घोगरा आहे, पण झकास!"

तिला हसू आलं, आणि त्या हसण्यातच कळलं की बंदुकीचं आता काही होणार नाही. हा भुंको न भुंको. हसू दे सगळ्या छपराला. दर एप्रिलला आपणच येऊन भुंकू. ती आणखी एकदा भुंकली.

ब्रॅकन उठला. जवळ आला, तिचं तोंड हुंगलं, मग मेंढ्यांकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे.

"सांग त्यांना," ती बसक्या आवाजात म्हणाली. "सांग, बाळा."

त्यानं पुढचे दोन्ही पाय उचलले आणि भुंकला. धप्पकन खाली आला. नोलीनची नजर मेंढ्यांवर नव्हती, डाव्या पायावर होती. पाय टिकला. तो पुन्हा भुंकला, आणि पुन्हा, आणि घळीच्या दोन्ही भिंतींनी तो आवाज परत दिला. मेंढ्या वळल्या आणि एकमेकींना ढकलत खाली पळत सुटल्या.

"अगं, भुंकणारी दोन कुत्री आणलीस का?" डूगल ओरडला.

नोलीन तशीच गवतात बसली होती. तिनं बटण दाबलं. घसा पार बसला होता.

"कुत्रा एकच आहे, डूगल. आधीची मी होते."

सगळे ऐकत होते.

"आणि छपरात मी जे बोलले होते ना," ती म्हणाली, "ते मागं घेतलं. तो भुंकला त्याच्या आधी घेतलं. ऐकलंत ना सगळ्यांनी?"