कोंडलेला हीट पंप

मी ज्या वृद्धाश्रमाची व्यवस्था बघतो, तिथला पाणी तापवायचा हीट पंप कुलपात ठेवला. चोरीला जाऊ नये म्हणून कोठीची खोली निवडली, खिडक्या विटांनी बुजवल्या आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात घालून हिंडलो. यंत्र दिवसभर घरघरायचं, पाणी जेमतेम कोमट व्हायचं. खोली मात्र अशी गार पडली, की स्वयंपाकीणबाई दुधाचं पातेलं तिथे आणून ठेवू लागल्या. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

शेवटी विश्वस्तांनी ठरवलं, यंत्र परत करायचं आणि जुना बंब (लाकडं घालून पाणी तापवायचं तांब्याचं भांडं) पुन्हा पेटवायचा. बंबाची मोरी सगुणाबाईंच्या खोलीला लागून. त्यांना दमा. बंब होता तेव्हा रोज पहाटे धूर विरेपर्यंत त्या उशी छातीशी धरून बसायच्या. मी विश्वस्तांकडे शेवटची संधी मागितली. पुण्याला हीट पंपाच्या प्रशिक्षणाला जा, म्हणाले. तुम्ही परत येईपर्यंत थांबतो.

निघताना सगुणाबाई फाटकापर्यंत आल्या. "नीट शिकून ये गा, मेश्राम," म्हणाल्या ('गा' म्हणजे आमच्या वऱ्हाडातलं 'रे'). "धुरात मराचं नाही मले."

बडनेऱ्याहून गाडी धरली, ती सकाळी पुण्यात उतरलो. प्रशिक्षण वाघोलीला होतं. रिक्षावाल्याला विचारलं, वाघोलीला येणार का?

"येईन की," तो म्हणाला. "परतीची सवारी तुम्ही देणार का?"

नगर रस्त्याला एकीकडे काचेच्या इमारती, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली तरुण मंडळी. दुसरीकडे अजून तग धरून असलेला ज्वारीचा तुकडा. प्रत्येक इमारतीच्या गच्चीवर यंत्रं उघड्यावर मांडलेली. पुण्यात चोर कमी असावेत, असं मला वाटलं. बस्स, एवढंच वाटलं.

वर्ग घेणाऱ्या जोगळेकर मॅडम हळू आणि नेमकं बोलायच्या. हीट पंप म्हणजे उलटा फ्रिज, त्यांनी सांगितलं. तो आजूबाजूच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो. मी हात वर केला आणि आमचं यंत्र कसं सदोष आहे ते सविस्तर ऐकवलं.

"खोलीला खिडक्या किती?"

"एकही नाही, मॅडम. मी जातीने बुजवल्या."

"मग यंत्र उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "आपण शीतगृह बांधलंत."

वर्ग हसला. मीही हसलो, पण डोळ्यांपुढे ती छातीशी धरलेली उशी होती. मधल्या सुट्टीत आश्रमात फोन करून विटा काढायला लावल्या. दुसऱ्या दिवशी निरोप आला: टाकी तापली, पण आंघोळीचं पाणी गारच लागतंय, विश्वस्त लाकडांची चौकशी करतायत. मॅडमना विचारलं. टाकी तापली असेल तर पुढचा दोष माणसांत शोधा, एवढंच म्हणाल्या.

मी शनिवार पेठेतल्या एका लॉजवर उतरलो होतो. त्या संध्याकाळी पिठलं-भाकरी खाताना मी मॅडमच्या त्या वाक्यावर चिडत राहिलो. सकाळी आंघोळीचं पाणी गार लागलं, तसा तो सगळा राग घेऊन मी मालकांपुढे ओल्या अंगाने उभा राहिलो.

"आपल्याला वाचता येतं का?" त्यांनी चष्म्यावरून विचारलं.

मोरीच्या दारावर पाटी होती: 'पाणी आंघोळीपुरतेच तापवलेले आहे. विसण घालून तक्रार करू नये.'

विसण म्हणजे कढत पाण्यात मिसळायचं गार पाणी. आधी अर्धी बादली विसण, मग वरून गरम, ही आमची जन्माची सवय; इथेही मी तेच केलं होतं. बंबाचं पाणी उकळतं, त्याला ते लागतंच. आमचा हीट पंप मात्र पाणी उकळेपर्यंत तापवतच नाही. आश्रमातल्या प्रत्येक मोरीत विसणाची बादली मीच भरून ठेवायला सांगितली होती, कुणाला भाजू नये म्हणून. मी तसाच पंचावर मालकांच्या फोनकडे धावलो आणि विश्वस्तांना म्हणालो, लाकडं आणू नका, मी येतोय.

परतीच्या गाडीत शेजारच्याने विचारलं, पुण्याहून काय आणलंत? बाकरवडी म्हणालो. खरं तर एवढ्या लांब जाऊन मी दोन उघड्या खिडक्या आणि एक रिकामी बादली आणत होतो. माझ्या काळजीने यंत्राचा श्वास कोंडला होता, आणि आणखी उशीर झाला असता तर सगुणाबाईंचाही कोंडला असता.

पोहोचलो त्या सकाळी मोरीतलं विसण ओतून टाकलं, सगुणाबाई आंघोळीला गेल्या आणि मी दाराबाहेर उभा राहिलो. आत बराच वेळ नुसता तांब्याचा आवाज येत होता. त्या बाहेर आल्या. केसांतून वाफ निघत होती, श्वास संथ होता. मी पुण्यात काय काय शिकलो ते सांगू लागलो.

"आता यंत्राले मोकळं राहू दे," म्हणाल्या. "कोंडाचंच असन त सोताले कोंडून घे."