कचरूनाना आणि बाजरीचं प्रदर्शन

कचरूनाना टाकीला कान लावून उभे राहिले की आमच्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत पाखरूसुद्धा पंख हलवत नसे. मळी आंबवायच्या त्या टाक्या दोन मजली उंच. लॅबमधले साहेब नळ्या, काचा, आकडे घेऊन येत. नाना नुसते येत. पत्र्याला उजवा कान लावत, डोळे मिटत आणि सांगत, "हिला अजून सा तास द्या. पोटात बोलतीय." साहेबांचा हिशोबही सहाच तास सांगे. एकदा साडेसहा निघाले, तर साहेबांनी यंत्र दुरुस्तीला पाठवलं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या डोळ्यांवर विश्वास नसेल त्यानं आमच्या गावी, कोल्हारला येऊन चौकशी करावी. तिथंही मीच भेटेन.

अशा या माणसाच्या गळ्यात तुळशीची माळ. उभा जन्म दारूच्या टाक्यांशेजारी काढला, पण थेंब जिभेला लावला नाही. कुणी छेडलंच तर म्हणत, "हलवायानं लाडू खायलाच पायजे असं कुठं लिवलंय?" अंगाला मळीचा वास मात्र असा की घरी जाताना मधमाश्या त्यांच्या सायकलीला वेशीपर्यंत सोडायला येत. भजनी मंडळाचे भागवतबुवा, ज्यांनी नानांना माळ घातली, तेच त्यांना भजनात दाराशी, वाऱ्याच्या तोंडाला बसवत.

नानांची एकुलती लेक अश्विनी. बापाचा कान नाही, पण नाक तिनं पुरेपूर उचललं. रसायनशास्त्र शिकली, पुण्यात नोकरी केली आणि एक दिवस नोकरी सोडून स्वतःच बिअर करायला लागली. माळकऱ्याची लेक आणि बिअर! गावात कुणी विचारलं, "नाना, पोरगी काय करती?" की नाना चपलेकडं बघत सांगत, "केमिकलमधी हाय." बुवांची समजूत, ती खतं करते. युरिया स्वस्तात मिळेल का, हे त्यांनी दोनदा विचारून झालं होतं.

मग एका ऑक्टोबरात तिचा फोन आला. "नाना, पुण्यात बिअरचा मोठा मेळा भरतोय. देशभरातले लोक येणार, स्पर्धा आहे. मी आपल्या रानातल्या बाजरीची बिअर केलीय. तुम्ही पिऊ नका. फक्त एक दिवस माझ्या स्टॉलवर येऊन उभे राहा."

नाना दोन दिवस जेवले नाहीत, म्हणजे एकेक भाकरी कमी खाल्ली. तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर बुवांच्या समोर म्हणाले, "पुन्याला बाजरीचं प्रदर्शन हाय. मी अन् बाळासाहेब जाऊन येतो." बाळासाहेब म्हणजे मी. नानांना खोटं बोलायचा सराव नव्हता. ते बिचारं खोटं अगदी उघडं पडलं होतं. मित्र म्हणून मी त्यावर पांघरूण घातलं. म्हणालो, "पहिल्या नंबराला ट्रॅक्टर हाय."

तेवढंच म्हणालो.

मेळ्याच्या मैदानावर बिअरचे इतके नळ होते की उन्हाळ्यात आमच्या प्रवरा नदीला तेवढे थेंब नसतात. पोरंपोरी औषधाच्या मापाएवढे ग्लास नाकाशी धरून डोळे मिटत होती. "ह्ये पित्यात का पंचांग बघत्यात?" नानांनी विचारलं. एकीकडं कोकमाची बिअर, एकीकडं आंब्याची, एकीकडं हिरव्या मिरचीची. "मग ह्यांच्यात भाजी कशाची करत्यात?"

अश्विनीच्या स्टॉलवर मात्र हसू मावळलं. तिचं पिंप टेम्पोतून, उन्हातून हिंदकळत आलं होतं. नळ उघडला की नुसता फेस, पार कोपरापर्यंत. परीक्षक तासाभरात येणार होते, आणि वर्षभराची मेहनत त्या एका पिंपात होती. "नाना, गेलं सगळं," ती म्हणाली.

नानांनी टोपी काढली आणि पिंपाला कान लावला. शेजारच्या स्टॉलवाल्यांनी आपापले नळ बंद केले. स्टेजवरचा ढोलवालासुद्धा थांबला असं मला वाटतं. नाना म्हणाले, "खराब न्हाई झाली. प्रवासानं पित्त खवळलंय तिचं. ओल्या गोणपाटात बर्फ घालून गुंडाळ, सावलीत ठेव, अन् तासभर कुनी हात लावू नका."

बर्फ होता. गोणपाट आणायचं कुठून?

तेवढ्यात फाटकाशी गलका झाला. बघतो तर भागवतबुवा! मागं सात फेटेवाले, प्रत्येकाच्या खांद्यावर बाजरीच्या कणसांची गोणी. ट्रॅक्टरसाठी गावातून टेम्पो करून आमच्या मागोमाग आले होते. फाटकवाल्यांना वाटलं सजावटवाले आले. त्यांनी सगळ्यांच्या मनगटाला पट्ट्या बांधून आत सोडलं.

"नाना, बाजरी कुठं मांडायची?" बुवांनी दुरूनच हाक दिली. मग त्यांना पिंप दिसलं, ग्लास दिसले, फेसानं माखलेली पोरगी दिसली. "अन् ही आपली अश्विनी हितं काय करती?"

माझ्या जिभेवर तीन थापा तयार होत्या; त्यातली एक तर फार सुरेख होती. पण नानांनी एकदा पिंपाकडं पाहिलं, एकदा गोण्यांकडं, आणि गळ्यातली माळ मुठीत धरली.

"बुवा, म्या खोटं बोललो. ही बिअरची जत्रा हाय. पोरगी केमिकलमधी न्हाई. बिअर करती, आपल्याच बाजरीची. माळ काढून घ्यायची तर घ्या, पन आदी गोन्या द्या. तिचं पिंप तापलंय."

बुवांनी नानांच्या मुठीतल्या माळेकडं असं सावकाश पाहिलं की काय सांगू! माझी मिशी तेवढ्यात पिकली. मग ते मागं वळून गरजले, "बघता काय? गोन्या मोकळ्या करा रं!" आणि माझ्याकडं वळून हळूच, "माळंचं गावात बघू. ट्रॅक्टरचं तुमच्याकडं बघतो."

कणसांचा ढीग पडला. फेटेवाल्यांनी गोण्या भिजवल्या, बर्फ भरला, पिंप गुंडाळलं आणि कुस्तीच्या फडाभोवती बसावं तसे त्याच्याभोवती बसले. पोरी कानामागं कणसं खोचून त्यांच्यासोबत फोटो काढत होत्या. परीक्षक आले तसा नानांनी पुन्हा कान लावला. "झोपली. काढ आता."

सोनेरी धार आली, वर बोटभर फेस. परीक्षकांनी घोट घेतला. बुवांनी लांबूनच ग्लासावर नाक नेलं आणि चकित होऊन म्हणाले, "नाना, वास तर भाकरीचा येतोय की रं!"

दुसरा नंबर आला. पहिला कुणाचा आला हे मी गावात सांगितलेलं नाही, त्यामुळं गावात आमचाच पहिला आहे. अश्विनीनं पदक काढून नानांच्या गळ्यात घातलं. ते माळेवर टणकन आपटलं. नानांनी घाबरून बुवांकडं पाहिलं. बुवा म्हणाले, "ऱ्हाऊ दे दोनी."

त्या दिवसापासून नाना कुणाला आवरेनात. न विचारता एसटीच्या कंडक्टरला सांगत, तलाठ्याला सांगत, एकदा तर लग्नात भटजींना मंगलाष्टकांच्या मध्ये सांगितलं: "पोरगी बिअर करती."

गेल्या पावसाळ्यात नाना गेले. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात डॉक्टर कागदावर माहिती भरत होते. त्यांनी विचारलं, "आजोबा, दारू वगैरे काही?" नानांना श्वास पुरत नव्हता. तरी त्यांनी नाकावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"मी थेंब न्हाई घेत. पोरगी करती. बाजरीची, पुन्याला. लिहून घ्या."

डॉक्टरांनी खरंच लिहून घेतलं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. या वेळी चौकशी बुवांकडंही करता येईल. उशाशी तेच बसले होते.