माझ्या नावाची माकणीची बाई

धाराशिवमध्ये बायकांना गाडी चालवायला शिकवण्याचं काम मी नऊ वर्षं करतेय. सुरुवात स्कूटीवर केली, मग एक जुनी चारचाकी घेतली. माझे मिस्टर एसटी डेपोत मेकॅनिक आहेत. त्यांनीच त्या गाडीत माझ्या पायाशी वेगळा ब्रेक बसवून दिला. नाव नोंदवलेल्या बायकांना दोन-दोन महिने थांबावं लागायला लागलं, तेव्हा दुसरी, नवी गाडी घ्यायची ठरवली आणि बँकेत अर्ज दिला.

आठ दिवसांनी बँकेतून बोलावणं आलं. साहेब तिशीतले, बोलायला नम्र.

"मॅडम, फाईल पुढं जाणार नाही. तुमचा क्रेडिट स्कोअर फार कमी आहे. गाडीचं एक कर्ज थकलेलं दिसतंय."

"कुठलं कर्ज?"

"दुचाकीचं."

"माझी स्कूटी मी रोखीनं घेतलीय."

"सिस्टीममध्ये तसं दिसत नाही," ते म्हणाले, आणि आवाज खाली घेतला. तो आवाज खाली घेणंच जास्त लागलं. माझ्यामागं रांगेत माझ्याकडं शिकलेल्या दोघी उभ्या होत्या. मी काहीच केलं नव्हतं, तरी बाहेर पडताना माझी मान खाली होती.

घरी मिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. ग्रीसचे हात धूत त्यांनी विचारलं, "मला न सांगता कुणाला काही घेऊन दिलंस का? माहेरी वगैरे?"

माझं माहेर तेरचं. भावानं कधी माझ्याकडं चहाचे पैसे मागितले नाहीत. मी "नाही" म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि विषय संपवला. पण त्यांनी विचारलं होतं. सतरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सगळ्यात वयस्क विद्यार्थिनीचा तास होता. एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेल्या बाई, वय एकसष्ट. मी त्यांना मॅडम म्हणायची. त्या दिवशी मी गरज नसताना दोनदा माझा ब्रेक दाबला.

"आज तुझं लक्ष नाही. काय झालं?"

मी सांगितलं. त्यांनी स्वतःच इंडिकेटर देऊन गाडी लिंबाखाली घेतली. बरोबर घेतली, हे मला त्याही वेळी दिसलं.

"रिपोर्ट बघितलास का?"

"स्कोअर सांगितला त्यांनी."

"स्कोअर म्हणजे नुसते मार्क. पेपर कुठं बघितलास? वर्षातून एकदा फुकट मिळतो. काढ मोबाईल."

नाव, पॅन नंबर, ओटीपी. दहा मिनिटांत माझा सगळा व्यवहार माझ्या तळहातावर आला, आणि मला त्यातलं काहीही कळेना. झेरॉक्सच्या दुकानातून छापून घेतला, तेव्हा बारा पानं निघाली. मॅडमच्या घरी जेवणाच्या टेबलावर ती पसरून आम्ही बसलो.

"आधी तू कोण, ते लिहिलेलं असतं," त्या म्हणाल्या. "मग एकेक कर्ज, आणि महिन्यामहिन्याला हप्ता किती दिवस उशिरा आला ते. शेवटी, तुझी चौकशी कुणी कुणी केली ते. प्रत्येक ओळीवर बोट ठेव आणि एकच विचार, ही मीच का?"

फ्रिजचं कर्ज माझं होतं. त्याच्या प्रत्येक महिन्यापुढं शून्य.

"शून्य म्हणजे नापास का हो?"

"अगं, इथं शून्य म्हणजे शाबासकी. शून्य दिवस उशीर."

मग ते दुचाकीचं कर्ज आलं. तीस दिवस, साठ दिवस, नव्वद आणि पुढं वाढतच गेलेले आकडे. माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, जन्मतारीख, सगळं जुळत होतं. मी पुन्हा पहिल्या पानावर गेले. पत्ते दोन होते. एक आमचा. दुसरा मुक्काम पोस्ट माकणी, तालुका लोहारा. मतदार ओळखपत्रांचे नंबरही दोन होते. पॅन मात्र एकच, माझा.

"एका बाईला दोन मतदार ओळखपत्रं कशी असतील?" मी म्हटलं. "मॅडम, ही दुसरीच कुणीतरी आहे."

"नाव जुळेल एक वेळ. नवऱ्याचंही जुळेल. पण जन्मतारीख कशी जुळली?"

मी ती तारीख परत वाचली आणि मला हसूच फुटलं. "एक जून आहे, मॅडम!"

त्याही हसायला लागल्या. त्यांची स्वतःची तारीखसुद्धा एक जूनच. आमच्या भागात लेकराला शाळेत घालताना आईबापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी बिनदिक्कत एक जून लिहायचे. तेरच्या शाळेत माझा निम्मा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला होता. नाव सासरचं, तारीख गुरुजींची. त्या पानावर फक्त माझा म्हणावा असा तो पॅन नंबर तेवढा होता.

संध्याकाळी मी कागद मिस्टरांपुढं ठेवले. त्यांनी एकेक ओळ बोट लावून वाचली. मग म्हणाले, "चुकलं माझं. तसं विचारायला नको होतं." आणि लगेच, "आता काय करायचं?" मला तेवढं पुरलं.

मॅडमनी दाखवलं तशी मी रिपोर्ट देणाऱ्या कंपनीकडं ऑनलाईन तक्रार नोंदवली. हे कर्ज माझं नाही, हा पत्ता माझा नाही. तीस दिवसांत उत्तर मिळतं. सव्विसाव्या दिवशी मिळालं. कर्ज देणाऱ्या कंपनीनं माहिती बरोबर असल्याचं कळवलं होतं. माझ्या डोळ्यांत रागानं पाणी आलं.

"त्यांनी नाव बघितलं, तारीख बघितली," मॅडम म्हणाल्या. "बाई बघितलीच नाही."

"मग मी बघून येते तिला."

"मीही येते. तेवढाच माझा सराव."

रविवारी निघालो. लोहाऱ्यापासून पुढं मॅडमनी गाडी चालवली, सगळा रस्ता तिसऱ्या गिअरमध्ये. माकणीत दोन ठिकाणी विचारलं आणि धरणाच्या रस्त्याला एका घरासमोर थांबलो. अंगणात चाळिशीची एक बाई मोठं टोपलं घासत होती. हातात फाईल घेतलेल्या दोन बायका गाडीतून उतरताना पाहून ती ताडकन उठली.

"म्या समदं भरलंय! एक रुपाया ऱ्हायला न्हाय. पुन्हा कशापायी आलाव?"

"आमी वसुलीवाल्या न्हाय वो," मी म्हटलं आणि माझं ओळखपत्र पुढं धरलं.

हात पदराला पुसून तिनं ते घेतलं, अक्षर अक्षर जुळवत वाचलं.

"ह्ये तर माझं नाव हाय."

"व्हय. माझंबी त्येच हाय."

तिनं कार्डाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि तोंडाला पदर लावून अशी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं.

चहा झाला तेव्हा सगळं कळलं. धरणावर मासे घ्यायचे आणि दुचाकीवरून गावोगावच्या बाजारात विकायचे, हा तिचा धंदा. गाडी कर्जावर घेतलेली. मधे पाय मोडला, कित्येक महिने घरात पडून राहिली, हप्ते थांबले. माणसं दारात येऊन ओरडून गेली. पाय बरा झाल्यावर तिनं दंडासकट सगळं फेडलं. पेटीतून तिनं एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत सगळ्या पावत्या आणि कंपनीचा ना हरकत दाखला. दाखल्याला वर्ष उलटून गेलेलं. आणि माझ्या रिपोर्टात ते कर्ज अजून थकीतच.

छोट्या टेम्पोसाठी तिनंही अर्ज केला होता. तिलाही नकार मिळाला होता.

"मला वाटलं, एकदा उशीर झाला की जलमभर डाग."

"तुझा डाग नाही बाई," मॅडम म्हणाल्या. "त्यांची चूक आहे."

सोमवारी आम्ही तिघी कंपनीच्या शाखेत गेलो. शिपायानं नाव पुकारलं, आम्ही दोघी उठलो.

"एकीनंच यायचं," तो म्हणाला.

"दोघींचं नाव तेच आहे," मी म्हटलं. "तेच तर सांगायला आलोय."

टेबलामागच्या साहेबांनी आधी ऑनलाईन अर्ज करा म्हणून सांगितलं. मॅडमनी ना हरकत दाखला त्यांच्यासमोर ठेवला. "हा तुमचाच शिक्का ना? मग ही बाई थकबाकीदार कशी? आणि ही दुसरी तुमची गिऱ्हाईक कधी झाली? कर्जाची फाईल काढा. त्यात फोटो असेल."

फाईल निघाली. साहेबांनी फोटो पाहिला, मला पाहिलं, मासेवाल्या बाईला पाहिलं, आणि वरच्या साहेबांना फोन लावला. दुपारी आम्ही बाहेर पडलो तेव्हा हातात शिक्क्याची दोन पत्रं होती. या पॅन नंबरच्या बाईचा या कर्जाशी संबंध नाही, हे एक. कर्ज पूर्ण फिटलं आहे, हे दुसरं. ती पत्रं जोडून आम्ही दोघींच्या नावानं दोन तक्रारी नव्यानं केल्या. समोरच्या हॉटेलात भजी खाल्ली. पैसे देण्यावरून तिघींचं भांडण झालं, ते मासेवालीनं जिंकलं.

तीन आठवड्यांनी माझा रिपोर्ट आला. माकणीचा पत्ता गेला, ते कर्ज गेलं, स्कोअर साडेसातशेच्या वर. मी स्वयंपाकघरात उभी राहून तो मिस्टरांना मोठ्यानं वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

तिच्या रिपोर्टात कर्ज बंद झालं, बाकी शून्य झाली. उशिराचे महिने मात्र राहिले. ते खरे होते, त्यामुळं निघणार नव्हते. तिला फोनवर हे सांगताना मला जड गेलं.

"ऱ्हाऊ द्या की," ती म्हणाली. "उशीर झालाच हुता. पर फेडलं, त्येबी लिवलंय न्हवं?"

"लिहिलंय."

"मग झालं."

बँकेतल्या साहेबांनी नवा रिपोर्ट पाहिला आणि ते खुर्चीतून उठलेच. "सॉरी, मॅडम," हळू आवाजात म्हणाले.

"जरा मोठ्यानं म्हणा," मी म्हटलं. "त्या दिवशी रांगेत लोक होते."

ते हसले, पण म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. काउंटरवरच्या बाईंनीसुद्धा मान वर केली.

नवी पांढरी गाडी आली. मॅडमनी त्याच महिन्यात परीक्षा दिली आणि पहिल्या झटक्यात पास झाल्या. माकणीचं काम थोडं लांबलं. व्याज जरा जास्त पडलं, पण टेम्पो मंजूर झाला. शिकवायला मीच जायचं, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. फीचं नाव काढलं तर फोन ठेवीन, म्हणाले मी. धरणाच्या रस्त्यावर तिनं पहिल्यांदा टेम्पो सोडला तेव्हा हातातली जाळी तशीच टाकून सगळे कोळी बघायला आले. तिनं दुसरा गिअर टाकला, टेम्पोनं हिसका दिला, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून ती ओरडली, "सरका रं! मालकीण येतीया!"