शेंदराची चोखणी
लाकडी खेळणी करणाऱ्या काताऱ्याने मला फसवलं. लाखेचा रंग म्हणून शेंदूर फासलेली चोखणी दिली. तेल-शेंदराचा वास आला की अजून ती दुपार आठवते. दात येताना महिनाभर किरकिरणारा माझा लेक ती चावता चावता अचानक गप्प झाला. शनिवारवाड्यावर चौघडा वाजत होता, आमच्या घरात चिडीचूप. त्याचे ओठ केशरी दिसले तशी बायको ओरडली, “अहो, शेंदराने वाचा जाते!” मी बोट घालून त्याचं तोंड पुसत विनवत होतो, “रड रे बाबा, रड!” अखेर त्याने माझं बोट कडकडून चावलं, आणि भोकाड पसरलं. जाब विचारायला गेलो, तर कातारी म्हणाला, “शेटजी, तुमच्या भावात लाख कुठून आणू?” आज लेक माझ्याहून चढ्या आवाजात सौदे करतो. पण भाव मी पाडला होता, लेकराने नव्हे; मग शेंदूर त्याच्या तोंडी का? याचं उत्तर त्या काताऱ्याने द्यायलाच हवं.