सगुणाचा पाय

भिकुबाईच्या आधी तिच्या आईची दोन मुलं गेली. तिसरी झाली तेव्हा यमाला मोह पडू नये म्हणून तिचं नाव ठेवलं भिकू. पुढे तिला विंचू चावला, टायफॉइड झाला, नवरा गेला, पण भिकुबाई टिकली. नजर, दोरा, मीठमोहरी यांवर तिचा विश्वास होता तो काही ऐकीव नव्हता. ती स्वतःच त्याचा पुरावा होती.

पाचोऱ्यात ती बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करून विकायची. एकदा बाजारातून मिरच्या आणायला गेली आणि पिशवीतून बदकाचं पिल्लू घेऊन आली. तीच सगुणा. अंगणात खाटेवर बिबडे वाळत असले की सगुणा राखणीला. कावळा दिसला की मान लांबवून त्याच्या अंगावर जायची, आणि कावळा गेला की कडेचा एक बिबडा स्वतः गिळायची.

त्याच सुमारास मुलगी सारिका बाळंतपण आटोपून नाशिकला परत निघाली. भिकुबाईने बाळाच्या पायात बांधायला काळा दोरा काढला.

"नको गं आई, काचतो तो," सारिका म्हणाली.

मंतरून आणलेला दोरा वाया कसा घालवायचा? भिकुबाईने तो सगुणाच्या मांडीला बांधला, पिसांच्या आत. बाहेर दिसला असता तर शेजारच्या मंदाबाईने गल्लीभर हसं केलं असतं.

सगुणा तेव्हा वाढीला लागलेली. महिनाभरात चांगली भरली. मंदाबाई भिंतीवरून बघून म्हणाली, "काय चाल शे वं माय! लग्नातली विहीणच."

त्यानंतर दोन-तीन दिवसांत विहीणबाई लंगडायला लागल्या.

भिकुबाईला वैद्य लागला नाही, पंचांग लागलं नाही. तिने मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका आला नाही. म्हणजे नजर पक्की. त्या मिरच्या गेल्या वर्षीच्या होत्या, हे चुलीला माहीत होतं, भिकुबाईला नाही. तिने हळद-तेल लावलं, पायाखाली जुन्या लुगड्याची घडी घातली, हाताने कण्या भरवल्या. मंदाबाईने विचारलं, "काय झालं वं तिले?" भिकुबाईने दार लावून घेतलं. आणि पाय सुजतच चालला, म्हणून पिसांत चाचपडत पहिल्या दोऱ्यावर दुसरा बांधला. घट्ट.

पंजा आधी गार पडला, मग काळा. सगुणाने खाणं सोडलं. कावळे आता खाटेवर बसून जेवत.

शेवटी मंदाबाई भिंतीला वळसा घालून आत आली. "माझ्याशी बोलू नको. पण टोपली उचल, रिक्षा थांबलीय."

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पिसं बाजूला केली आणि थांबले. दोरा मांसात रुतून बसला होता. कात्रीचं टोकही खाली जाईना.

"हा कोणी बांधला?"

मंदाबाईने दोऱ्याकडे पाहिलं, मग भिकुबाईकडे. "पोरंसोरं बांधतात साहेब, खेळता खेळता," ती म्हणाली.

"मी बांधला," भिकुबाई म्हणाली. "दोन्ही मीच."

पाय वाचणार नव्हता. डॉक्टर तो कापून काढत होते तोवर भिकुबाईने सगुणाची मान आपल्या काखेत धरून ठेवली. परतताना रिक्षात मंदाबाईने पदर टोपलीवर टाकला, ऊन लागत होतं म्हणून.

सगुणा जगली. चालणं मात्र संपलं. एका पायावर उठते, आपटते, पुन्हा उठते. छातीवर घट्टा पडलाय. डॉक्टरांनी सांगितलं, जखम भरली की पाण्यात सोडा, तिथे भार पडत नाही. भिकुबाईने मोठं घमेलं भरलं. पाण्यात ती डौलात तरंगते. बघणाऱ्याला वाटावं, हिला काही झालंच नाही.

परवा सारिकाचा व्हिडिओ कॉल आला. बाळ दाखवून झालं.

"सगुणा कुठाय? दाखव ना."

मंदाबाईने फोन घमेल्याकडे धरला, जरा उंचावरूनच.

"मस्त पोहतेय गं! आई, ऐक ना. तुझा तो दोरा पाठवून दे. बाळाला बांधते. तेव्हा उगाच तुझं मन मोडलं मी."

भिकुबाईने घमेल्यात हात घातला. पाण्याखाली सगुणा आता नसलेल्या पंजानेही पाणी मागे सारत होती, आणि एकाच बाजूला वळत होती.

"हरवला तो," भिकुबाई म्हणाली. "बांधू नको काही."