पेढ्याचा निकाल

माझ्या पहिल्या बाळंतपणाची वेळ सरकार, सासूबाई आणि एक पेढा यांनी मिळून ठरवली.

मध्य भारत राज्य मोडून नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि मागोमाग आमच्या ह्यांची कचेरीही. तिथे आवई उठली, बायको सोबत असेल त्यालाच क्वार्टर! मला सातवा सरत आलेला. (म्हणजे मी सोबत होतेच, जरा जास्तच.)

त्यातच माझं पोट राहून राहून आवळायला लागलं. आमच्या गावच्या लष्कर भागातल्या डॉक्टरीणबाई घरी आल्या. खाटेशी बसून बराच वेळ पोटावर हात ठेवला, घड्याळ पाहिलं, आतून तपासलं.

"पिशवीचं तोंड उघडायला लागलंय. मूल वेळेआधी येणार. उठायचं नाही, और सफर तो बिल्कुल नहीं!"

त्या गेल्यावर सासूबाई कडाडल्या, "हात लावून कळतं होय? आपल्याकडे काय परीक्षा नाहीत?"

डोहाळजेवणात मुलगा की मुलगी हे बघायला वाट्यांखाली पेढा नि बर्फी झाकतात ना, तीच परीक्षा त्यांनी माझ्या खाटेवर मांडली. पेढा निघाला तर वेळेवर, बर्फी निघाली तर आधी! हे असे वाकून बघत होते, जणू वाटीखाली क्वार्टरच आहे. मी एक वाटी उचलली. पेढा!

"बघ! उद्याच निघा!" म्हणत सासूबाईंनी तो माझ्या तोंडात कोंबला.

गाडीत ह्यांनी डबा उघडला. "आईने दुसऱ्या वाटीखालचंही बांधून दिलंय." बघतो तर तोही पेढाच!

"अरेच्चा, मग बर्फी कुठाय?" हे म्हणाले, आणि मला पहिली कळ आली.

झाशी स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये मुलगी झाली. एवढीशी! रडायचीही ताकद नव्हती तिच्यात. तिथल्या दवाखान्यात तिला कापसात गुंडाळलं आणि ती श्वास घेतेय ना, एवढंच बघत मी बसून राहिले. तेव्हाचा राग अजून गेलेला नाही.

हे भोपाळला हजर झाले. बायको सोबत नाही, म्हणून क्वार्टरही नाही!

सासूबाई झाशीला आल्या त्या माझ्यावरच उखडल्या. "पेढा निघाला होता, म्हणजे मुलगाच व्हायचा! दिवस भरू दिले असतेस तर! घाई केलीस!"

मुलगी जगली. मंदा. परवा तिने विचारलं, "आई, पोट तुझं आवळत होतं ना? मग तू चुप क्यों रही? नाही म्हणायचं!"

"कशी म्हणणार बाई? तोंडात पेढा होता!"