पंतप्रधान आणि आईचं निळं पिंप

आमच्या ऑफिसात किस्से सिंकमधल्या कपांसारखे साचायचे. आवरायला कुणालाच वेळ नसायचा.

क्वीन्सटाउनमधल्या त्या छोट्या ऑफिसाचं काम एकच, नव्या देशांच्या अधिकाऱ्यांना सिंगापूर दाखवायचं. नव्वदच्या दशकात इंग्लंडात राज्यशास्त्र शिकून मी घरी परतले, ती एखाद्या देशाची घटना लिहायला हातभार लावायच्या तयारीने. वाट्याला आले नळ, गटारं आणि कचऱ्याचे ट्रक.

त्यातला एक आठवडा मात्र विसरत नाही. एका नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाचे नवे पंतप्रधान आपल्या अधिकाऱ्यांना घेऊन आले होते. तिथली यादवी जेमतेम थांबली होती. राजधानीत अधूनमधून गोळीबार चालूच होता.

*

विमानतळावरून येताना गाडीत मी स्वातंत्र्य आणि लोकशक्ती यांवर पाठ केलेलं स्वागताचं भाषण सुरू केलं. पंतप्रधान खिडकीबाहेर बघत ऐकत होते. सिग्नलला त्यांनी विचारलं, "पाऊस पडला की इथलं पाणी कुठे जातं?"

मला माहीत नव्हतं.

पुढच्या सीटवरून आमचे बॉस गोखले सर मराठीत म्हणाले, "स्वातंत्र्य पुढच्या सिग्नलपर्यंत थांबव. आधी गटार दाखव त्यांना."

*

दोन दिवसांनी हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला. पाहुणे रोज संध्याकाळी बाथटब काठोकाठ भरून ठेवतात, आंघोळ करत नाहीत आणि सफाईवाल्यांनी पाणी सोडलं की भांडतात.

त्यांच्या राजधानीत नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. दिसेल ते भांडं भरायची सवय सगळ्यांनाच.

"तूच सांग त्यांना," गोखले सर म्हणाले. "तू राज्यशास्त्रवाली."

मी पंतप्रधानांना शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं की इथे पाणी जात नाही. ते ओशाळले. "आजच सांगतो सगळ्यांना."

थोडं पुढे जाऊन थांबले. "माझा टब तेवढा राहू दे."

*

हॉकर सेंटरमधल्या एका खाण्याच्या स्टॉलवर नूडल्स खाता खाता पंतप्रधान म्हणाले, "आमच्याकडे काम करशील?"

"घटना समितीत?"

"घटना लिहायला वकील भरपूर आहेत. प्रत्येक वस्तीत नळ न्यायचाय. तो मंत्र्यांच्या गल्लीतच थांबत नाही ना, हे बघणारं माणूस हवंय. शुक्रवारी आम्ही निघतो, तोवर सांग."

मला अपमान वाटला. घरी सांगितलं, तर तुआसला जहाजदुरुस्तीच्या कामावर असलेले बाबा म्हणाले, "गोळीबारात नळ बघत फिरायला पाठवलं होतं का तुला इंग्लंडला?"

मला ते पटलं. बाबांचं पटल्यामुळे आणखीच चिडचिड झाली.

*

गुरुवारी पाहुण्यांना नमुन्याचा फ्लॅट दाखवायचा होता. पंतप्रधान गाडीत बसले आणि मला म्हणाले, "सजवलेलं घर नको. तुझं दाखव."

मरीन परेडच्या आमच्या फ्लॅटचं दार आईने पिठाच्या हातांनी उघडलं. पंतप्रधानांनी नमस्कार केला आणि बाथरूम कुठे आहे ते विचारलं. त्यांना नळ बघायचा होता.

नळाखाली आमचं निळं पिंप. काठोकाठ भरलेलं, वर ताट झाकलेलं. शेजारी भरलेल्या बादल्या. आई सोलापूरची. रोज सकाळी उठून ती हे सगळं भरते. त्यावरून मी तिला लहानपणापासून हसत आले होते.

पंतप्रधानांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "किती वर्षं झाली इथे येऊन?"

"वीस."

"पाणी कधी गेलं का?"

"एकदाही नाही."

ते दाराच्या चौकटीला टेकले. "म्हणजे मी घरोघरी नळ दिले, तरी माझे लोक वीस वर्षं असंच भरून ठेवणार."

आईने पदराला हात पुसले. मी भाषांतर करायच्या आत ती म्हणाली, "सर, यू गिव्ह वॉटर." पुढचं इंग्रजी सुचेना, तेव्हा मराठीतच पूर्ण केलं, "पिंपाचं आमचं आम्ही बघू."

मी सांगायच्या आधीच ते हसायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पिंप भरत होती. मी रात्रीच भरलेली बॅग दाराशी ठेवली आणि हॉलमधून गोखले सरांना फोन लावला. "येते म्हणावं त्यांना. नळाच्या कामावर."

बाबांनी पेपर खाली केला.

आईने नळ बंद केला. पिंप उपडं केलं, आतून पुसून कोरडं केलं आणि माझ्या बॅगेशेजारी आणून ठेवलं.

"हे ने."